बिनधुराची गाडी

आमच्या घरमालकांना कोणताही प्रश्न विचारला, की उत्तराच्या आधी ते पाना मागायचे. "मामा, आज पाणी येणार का?" असं मी जिन्यावरून विचारावं, आणि त्यांनी मान वर न करता हात पुढे करून म्हणावं, "तेवढा दहाचा पाना द्या की, म्याडम." मी खाली उतरून पाना द्यायची. पाणी येणार की नाही ते राहूनच जायचं. त्यांना ऐकू आलेलं नसायचं की उत्तर द्यायचं नसायचं, याचा उलगडा मला त्या घरात राहिले तेवढ्या वर्षांत झाला नाही. बरं, ठार बहिरे म्हणावं, तर अंगणात माझ्या हातून चमचा पडला तरी ते मागे वळून बघायचे.

सोलापुरात बदली होऊन मी आले ती कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला. घर मिळालं ते जुन्या मागवाल्यांच्या वस्तीत. वरची खोली माझी, खाली मामा आणि मामी, आणि मध्ये अंगणात त्यांची गाडी. मामा मूळचे केम गावचे. तरुणपणी शहरात आले आणि यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर झाले. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. गल्ली त्यांना मिस्तरी म्हणायची. मामी त्याच कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायला होत्या. दिवसभर शेकडो मागांची खडखड कानावर घेऊन मामांचे कान पार गेलेले, मामींचे अर्धे शाबूत होते.

त्या खडखडाटात बोलायचं कसं? तर ओठांनी आणि बोटांनी. कारखान्यातली सगळीच माणसं तशी बोलायची म्हणे. या दोघांनी ती सवय घरी आणली आणि कारखाना सुटला तरी सोडली नाही. मला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. पहिला आठवडाभर माझी खात्री होती, की या नवराबायकोत बोलणं बंद आहे. एकदा मला चहाला बोलावलं. मी दोघांच्या मध्ये बसून पोहे खात होते आणि माझ्या डोक्यावरून एक कडाक्याचं भांडण चाललं होतं, ते मला पोहे संपल्यावर कळलं. तेसुद्धा मामींनी कढईवर झाकण आपटलं म्हणून.

बाहेरच्यांशी मात्र मामा आवाजानं बोलायचे, आणि तो आवाज मागांच्या वर चढवायची सवय असलेला. कानगोष्ट हा प्रकार त्यांना जमणाराच नव्हता. मला बघायला एक मुलगा येऊन गेला, त्या दिवशी संध्याकाळी मामांनी मला बाजूला घेतलं आणि त्यांच्या मते अगदी हळू सांगितलं, "पोरगं बरं हाय, पण टक्कल पडाय लागलंय." दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळी गल्ली मला सहानुभूती दाखवत होती. ते लग्न जमलं नाही. टकलामुळे नाही, पण गल्लीनं तसंच धरून ठेवलं.

दूधवाल्यावरून आठवलं. एकदा त्याला उशीर झाला. मामींनी विचारलं तर तो म्हणाला, तुमच्या फाटकाची कडी लई घट्ट हाय, तितंच येळ जातोय. तो सहज बोलून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली बघते तर फाटकच नाही. मामांनी बिजागऱ्यांसकट काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पुढे बरेच दिवस गल्लीतल्या शेळ्या आमच्या अंगणात मुक्कामाला होत्या. मामींची तुळस एका शेळीनं बुडापासून खाल्ली. दूधवाला मात्र वेळेवर यायला लागला, कारण आता त्याला बोलायला जागाच राहिली नव्हती. मामांच्या वागण्याचा अर्थ लावायला गेलं की माझं हे असं व्हायचं. मूर्खपणा म्हणावा तर काम झालेलं असायचं, आणि शहाणपणा म्हणावा तर तुळस गेलेली असायची.

गाडी दोन स्ट्रोकची होती, कंपनीनं केव्हाच बंद केलेली. सुरू झाली की आधी फट्‌फट्‌ करून गल्लीभर निळा धूर सोडायची, मग तिला कंठ फुटायचा. असल्या गाड्यांना कार्ब्युरेटर असतो. पेट्रोल आणि हवा यांची मिसळ करणारा पितळी खटाटोप. त्याचे दोन स्क्रू केसभर इकडेतिकडे झाले तरी गाडी रुसते. बाकीचे मेकॅनिक हे काम कानानं करतात. मामा टाकीवर डावा तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि उजव्या हातानं स्क्रू फिरवायचे. कॉलेजातली पोरं लांबलांबून आपल्या जुन्या गाड्या घेऊन त्यांच्याकडे यायची. मामा त्यांच्या गाड्यांवर हात ठेवायचे आणि मग पोरांना शिव्या द्यायचे.

आणि सुट्टीच्या दिवशी, उन्हं कलली की, मामी डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी भरून मागे बसायच्या आणि दोघं हिप्परग्याच्या तळ्याला जायची. तिथे काय करतात, असं मी एकदा मामींना विचारलं. "काय करनार? बसतो की," त्या म्हणाल्या. मामी एरवी फार हसणाऱ्या नव्हत्या, पण तळ्याहून आल्या की पायरीवर बसून मला तिथल्या बदकांचं, फोटो काढणाऱ्या जोडप्यांचं तिखटमीठ लावून सांगायच्या. मला त्या गप्पांची सवय लागली होती.

ते थांबलं. मामींना खोकला होता, तो जुनाच. पण त्या वर्षी त्यांनी आधी लग्नकार्यं सोडली, मग हळदीकुंकू, मग भाजीबाजार. घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेनात. भाजी मी आणायला लागले. सुट्टीच्या दिवशी मामा गाडी पुसून तयार ठेवायचे आणि दारात उभे राहायचे. मामी आतून बोटांनीच 'नको' म्हणायच्या. असं बऱ्याचदा झाल्यावर एका दिवशी मी तिथेच गवारी निवडत बसले असताना मामी तोंडानं बोलल्या. मलाही ऐकू जावं म्हणूनच असेल.

"त्या धुरानं ढास लागती मला. ह्या गाडीचा धूर ज्या दिवशी बंद हुईल, त्या दिवशी बसते."

मला हसू आलं. दोन स्ट्रोकच्या गाडीचा धूर बंद होणं म्हणजे काय, हे मलासुद्धा कळत होतं. तिच्यात पेट्रोलबरोबर तेलही जळतं, धूर हा तिचा स्वभावच. पण मामा हसले नाहीत. ते मामींच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बघू की."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर कार्ब्युरेटर काढून त्यांनी फडक्यात गुंडाळून ठेवला होता आणि गाडीला त्या जागी नुसतं भोक होतं. मी म्हटलं, मामा, हे काय? त्यांनी पाना मागितला.

पुढचे कित्येक महिने मी कशात सापडले होते, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. हल्लीच्या गाड्यांना कार्ब्युरेटर नसतो, इंजेक्टर असतो. एक छोटी पेटी असते, तिच्यात इवलासा कॉम्प्युटर. इंजिन किती गरम आहे, किती जोरात फिरतंय, मूठ किती पिळली आहे, हे सगळं ती पेटी दर क्षणाला विचारून घेते आणि मोजून तेवढंच पेट्रोल फवारते. म्हणजे वाया जाऊन धूर व्हायला जास्तीचं उरतच नाही. मामांच्या डोक्यात हे आपल्या गाडीला बसवायचं होतं. आणि तेल पेट्रोलमध्ये न मिसळता वेगळ्या पंपानं, लागेल तेवढंच, थेंबाथेंबानं सोडायचं होतं. अडचण एवढीच, की ही सगळी विचारपूस करायला त्या जुन्या गाडीत एकही यंत्र नव्हतं. म्हणून मग चाकाला दाते लावा, इंजिनाच्या डोक्यावर तापमापक बसवा, टाकीत पंप सोडा. तिच्या मूळच्या विजेवर दिवा जेमतेम लागायचा, म्हणून मोठी बॅटरी आणा. आमच्या अंगणात ती गाडी वायरा लावून अतिदक्षता विभागातल्या रुग्णासारखी उभी असायची.

याची माहिती फोनवर इंग्रजीत होती. ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठीची बाई, म्हणून मामा आधी बिचकले, पण दुसरं कोणी नव्हतं. मी सकाळी वर्गात अभंग शिकवायची आणि संध्याकाळी अंगणात स्टुलावर बसून परदेशातल्या कुणा हौशी माणसांची भांडणं मोठमोठ्यानं वाचायची. एक म्हणायचा इंजेक्टर इथे बसवा, दुसरा म्हणायचा तिथे बसवाल तर इंजिन जाम होईल. मला दोघांचंही पटायचं. मामा माझ्या ओठांकडे बघत ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "ह्ये चुकीचं लिवलंय." कुठलं चुकीचं, हे विचारायची सोय नव्हती.

लोकांनी खूप सांगून पाहिलं. भंगाराच्या दुकानातले भाई, ज्यांच्याकडून मामा अपघातात मोडलेल्या गाड्यांचे इंजेक्टर आणि पेट्या आणायचे, ते तर दर वेळी कळवळून म्हणायचे, "मिस्तरी, बॅटरीवाली गाडी ले लेव ना. धुआं भी नहीं, आवाज भी नहीं. कायकू इत्ता परेशान होते?" भाईंचं म्हणणं मला सोळा आणे पटलेलं होतं. मी तेच एकदा मामांना समोर बसून, सावकाश, ओठ स्पष्ट हलवत विचारलं. बिनधुराच्या इतक्या गाड्या मिळतात, मग हीच कशाला?

"ती ह्या गाडीचा म्हनली," मामा म्हणाले. जणू माझ्याच ऐकण्यात काही चुकलं होतं.

आणि मामी? त्या पायरीवर बसून हे सगळं बघायच्या. आम्हाला चहा करून द्यायच्या. सुरुवातीला त्यांच्या चेहऱ्यावर थोडी गंमत होती. काम जसं पुढे सरकायला लागलं तसतशी ती गंमत कमी झाली. मला वाटलं, अंगणातल्या पसाऱ्याला कंटाळल्या असतील.

पहिली पेटी बसवली ती एका चार स्ट्रोकच्या गाडीची. गाडी सुरू झाली, पण लंगडत. एक ठोका पडायचा, एक चुकायचा. मामा टाकीवर हात ठेवून दिवसभर बसले. मग त्यांना उमगलं, आणि त्यांनी मला ते मागाच्या भाषेत सांगितलं. चार स्ट्रोकच्या इंजिनाला दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल लागतं, म्हणून ती पेटी एक फेरी सोडून फवारतेय. आपल्या इंजिनाला दर फेरीला लागतं. धोटा एकदा गेला आणि एकदा नुसताच माग हलला, तर चादर कशी होणार? पाहिजे तशी शिकवता येईल अशी कोरी पेटी मग लांबून मागवावी लागली. ती आली. तिला कुठल्या वेगाला किती पेट्रोल ते एकेक करून शिकवण्यात उन्हाळा गेला. मामा हात ठेवून सांगायचे, "कमी कर, आनखी कमी," आणि मी माझ्या लॅपटॉपवर आकडे कमी करायची. मी काय करत होते ते मला माहीत नव्हतं, पण मामांची मान डोलली की मला आपण परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं.

शेवटी सगळं जुळलं, त्या दिवशी गल्ली गोळा झाली. भाई दुकान बंद करून आले. मामांनी किक मारली आणि गाडीनं भस्सकन असा निळा धूर सोडला, की समोरच्या घरानं खिडक्या लावून घेतल्या. पूर्वी कधी झाला नव्हता इतका धूर. लोक हसत हसत पांगले. मामींनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. मामा नुसते गाडीकडे बघत उभे.

मला राहवलं नाही. त्या सकाळी मी जिन्यावरून मामींना टाकीचं झाकण उघडताना पाहिलं होतं. पूर्वीपासून पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळायचं काम मामींचंच असायचं, बाटलीच्या बुचानं. जुन्या सवयीनं टाकलं असणार. तेही बुचानं नाही, बाटलीच उपडी केली होती. मी मामांच्या समोर जाऊन हे सांगितलं. मला वाटलं, ते सुटकेचा श्वास टाकतील, आत जाऊन मामींना दोन शब्द बोलतील.

"मला ठाव हाय," ते म्हणाले. त्यांनी टाकी काढली, सगळं पेट्रोल एका बादलीत ओतलं, टाकी धुऊन उन्हात ठेवली. मामींना ते काहीच बोलले नाहीत, ना तोंडानं, ना बोटांनी. मीच मनात चरफडत राहिले. इतके महिने राबून जिथल्या तिथे आलो ते एका सवयीपायी, आणि या माणसाला त्याचं काहीच नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी कोणी जमलं नव्हतं. ऊन उतरत होतं. मामांनी नवं पेट्रोल भरलं, किक मारली आणि गाडी लागली. आवाज तोच, पण मागे काही नाही. मामांनी खांद्यावरचा पांढरा टॉवेल सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. बराच वेळ धरला. मग तो घेऊन ते दारात गेले आणि मामींच्या समोर दोन्ही हातांनी पसरून उभे राहिले. टॉवेलवर एक फिकट ठिपका होता, एवढंच. मामींनी टॉवेल बघितला, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं त्या खूश होतील. त्या तर कोंडीत सापडल्यासारख्या दिसत होत्या. मग आत गेल्या, लुगडं बदलून आल्या आणि मुकाट्यानं मागे बसल्या. मी गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांच्या मागे धावत गेले. कशासाठी धावले कोण जाणे, डोळे मात्र भरून आले होते.

ती दोघं दिवेलागणीला परतली. मामी चहा टाकायला आत गेल्या, आणि माझ्या मनात इतके दिवस अडलेला प्रश्न मी मामांना विचारला. डॉक्टर काय म्हणाले होते? धुराचाच खोकला आहे ना?

मामांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि मला खूण करून बाहेर काढलं. घराजवळ बोललं तर मामींना ऐकू जाईल, हे त्यांना आपल्या आवाजाबद्दल माहीत होतं म्हणायचं. आम्ही चालत चालत पार भाईंच्या दुकानाच्या पलीकडे गेलो, तेव्हा ते थांबले.

"धुराचा काय संबंध न्हाय," ते म्हणाले. "सुताचा भुगा हाय तिच्या छातीत, कारखान्यातला. डाक्टरनं पयल्याच दिवशी सांगितलंय. तिलाबी, मलाबी."

मला काही कळेना. मग एवढं सगळं कशाला केलंत, मी विचारलं.

"भाच्याच्या लग्नात तिला ढास लागली. शेजारच्या दोन बाया ताट उचलून दुसऱ्या पंगतीला गेल्या. त्या साथीच्या आजारानंतर मानसं तशीच झाल्यात, खोकलं की पळत्यात. ती खाली मान घालून जेवली आन् घरी आली. तवापासनं बाहेर पडंना. लाजती. पन तसं म्हनंना, धुराचं नाव सांगती."

"मग तुम्ही तसं बोलायचं ना त्यांना."

"बोललो असतो तर दुसरं कायतर सांगितलं असतं. म्हनून धूरच काढला. आता तिच्याकडं कारन न्हाय."

"आणि ते तेल? मुद्दाम टाकलं होतं त्यांनी?"

"मग? तिला धूर पायजे होता की," मामा म्हणाले आणि घराकडे वळले.

मी त्यांच्या मागून चालत होते. आपण इतके महिने एका इंजिनाची दुरुस्ती करत होतो, असं मी समजत होते. मामींना हे माहीत होतं का, की यांना माहीत आहे? त्यांच्या त्या मुक्या बोलण्यात हे कधीच बोलून झालं होतं का? आता मी सोलापुरात नाही, पण याचा गुंता मला आजही सुटलेला नाही.

घरी आलो तर मामी पायरीवर चहाचे कप घेऊन बसल्या होत्या. मामा हातपाय धुवायला गेले. मी मामींना भीत भीत विचारलं, कसं काय झालं तळ्यावर?

"ढास लागली की," मामी म्हणाल्या. "ही गर्दी. सगळी मानसं वळून बघाय लागली. एकानं तर पोरगं उचलून घेतलं. मी पदर तोंडात कोंबला, म्हनलं, चला, उठा आता घरला."

मला वाटलं, संपलं सगळं, मामी आता पुन्हा बाहेर पडत नाहीत.

"तर ह्यांनी खोकायला सुरुवात केली. माझ्यापरास मोठ्यांदा. ह्यांचा आवाज तुला ठाव हाय की. ह्यो असा छाती धरून, वाकून वाकून. बदकं उडून गेली, पोरी. मानसं मला इसरून ह्यांच्याकडंच बघाय लागली. शेंगावाली बाई पाण्याची बाटली घिऊन पळत आली. मला म्हनती कशी, आज्जी, मालकाला दवाखान्यात दावा, लई वाढलंय त्यांचं."

सांगता सांगता मामींना हसू आवरेना, आणि हसता हसता ढास लागली. त्या पायरीवर बसून मनसोक्त खोकल्या, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, आणि पदर त्यांनी तोंडाला लावला नाही. मग डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, पुढच्या सुट्टीला तूबी चल, भाकरी जास्त करते.